जुना कारकून नव्या कचेरींत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या कार्यप्रणालीची नित्याची डागडुजी मायक्रोसॉफ्ट कंपनीनें थांबविली. तिच्या पुढची विंडोज ११ ज्यांवर चढूं शकत नव्हती, असे पुष्कळसे चांगले चालते संगणक त्या सुमारास घरोघरीं निवृत्त झाले व त्यांच्या जागीं नवे आले. नवा संगणक आला म्हणजे पहिले दोन दिवस घरांत मोठा उत्साह असतो. तिसऱ्या दिवशीं घरांतील वडीलधारे गृहस्थ कपाटाच्या खणांतून एक जुनी सीडी काढतात, सदऱ्याच्या टोकाला पुसतात आणि म्हणतात, "माझें वर्ड तेवढें यावर बसवून दे." ती सीडी १९९७ सालच्या किंवा २००३ सालच्या ऑफिसची असते, क्वचित् तिच्याबरोबर त्याहूनही जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची असते. नव्या संगणकाला सीडी घालण्याचें तोंडच नसतें, हा पहिला अपशकुन. बाहेरून जोडावयाचा सीडी-ड्राइव्ह शेजाऱ्याकडून आणावा, तर कित्येकदां पडद्यावर उत्तर येतें कीं, हें सॉफ्टवेअर या संगणकावर चालूं शकत नाहीं.

दुकानदार म्हणतो, "काका, तें आतां जुनें झालें, नवें घ्या." नातू तेंच कमी शब्दांत सांगतो. काकांना मात्र तें पटत नाहीं. कालपर्यंत चालणारी वस्तु; तिला गंज चढला नाहीं, तिचा दांता झिजला नाहीं; मग ती एका रात्रींत निकामी कशी झाली? हा प्रश्न अगदीं रास्त आहे. सॉफ्टवेअर झिजत नाहीं हें खरेंच. झिजते ती त्याची आणि भोंवतालच्या जगाची ओळख.

कागद लिहिणारें किंवा हिशेब मांडणारें सॉफ्टवेअर स्वतः यंत्राला कधींच हात लावीत नाहीं. त्याची स्थिति कचेरींतील कारकुनासारखी असते. कारकून पत्राचा मसुदा करतो. पण कोरा कागद, दप्तरखान्याची किल्ली, टपालाचीं तिकिटें यांसाठीं त्याला शिरस्तेदाराकडे अर्ज करावा लागतो. संगणकांतील शिरस्तेदार म्हणजे कार्यप्रणाली. फाइल उघडून द्या, पडद्यावर एवढी चौकट आंखा, हें पान छापखान्याकडे धाडा, अशा प्रत्येक मागणीचा एक ठराविक नमुना असतो आणि सॉफ्टवेअर लिहिलें जातें तेव्हां त्या काळचे नमुने त्यांत कायमचे कोरले जातात. पुढें शिरस्तेदार बदलतो. नवा शिरस्तेदार जुने नमुने मान्य करील तोंवर म्हातारा कारकून बिनबोभाट काम करतो. त्यानें एखादा नमुना रद्द केला कीं, कारकून अर्ज हातांत घेऊन दाराशीं उभा राहतो. त्याला दुसरा नमुना भरतां येत नाहीं.

मायक्रोसॉफ्टनें जुने नमुने सांभाळण्याच्या कामीं पुष्कळ चिकाटी दाखविली, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. अर्थात् त्यांत परोपकार नव्हता. जुनें सॉफ्टवेअर चालत नसेल तर कोणतीही पेढी नवी कार्यप्रणाली विकत घेत नाहीं, हें व्यापारी शहाणपण त्यामागें होतें. ही निष्ठा कोठवर जाते याचें एक गमतीचें उदाहरण एक्सेलमध्यें आजही पाहावयास मिळतें. १९८३ सालीं बाजारांत आलेल्या लोटस १-२-३ या हिशेबी सॉफ्टवेअरमध्यें १९०० हें साल लीप वर्ष धरलें होतें. वस्तुतः तें लीप वर्ष नव्हतें. परंतु लोटसमधील जुने तक्ते जसेच्या तसे उघडावे म्हणून एक्सेलच्या कर्त्यांनीं ती चूक समजून उमजून आपल्या पदरीं घेतली. त्यामुळें जो दिवस कधीं उगवलाच नाहीं तो २९ फेब्रुवारी १९०० एक्सेलच्या पंचांगांत अजून मुक्काम करून आहे.

मग इतकी निष्ठा असतांना सीडी नाकारली कां जाते? येथें १६, ३२ आणि ६४ या तीन आंकड्यांची ओळख करून घेणें भाग आहे. यंत्राची मोजणी शून्य आणि एक या दोनच अंकांत चालते. अशा एका अंकाला बिट म्हणतात. एका दमांत किती बिटांची रास उचलावयाची यावरून सॉफ्टवेअरची पिढी ठरते. १९९२ सालच्या विंडोज ३.१ वरचें सॉफ्टवेअर १६ बिटांचें होतें. २४ ऑगस्ट १९९५ रोजीं विंडोज ९५ आली आणि ३२ बिटांचें युग घरोघरीं पोंचलें. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे. तिनें आपल्या पोटांत ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरसाठीं एक दुभाषी ठेविला आहे आणि तो उत्तम काम करतो. १६ बिटांसाठीं मात्र दुभाषी नाहीं. कारण असें कीं, जुन्या सॉफ्टवेअरसाठीं संगणकाच्या मुख्य चिपला १९७८ सालच्या ८०८६ या चिपचें सोंग घ्यावें लागे, आणि ६४ बिटांच्या रीतीनें चालूं लागल्यावर तिला तें सोंग घेतां येत नाहीं. म्हणून १९९३ सालचें वर्ड ६ नव्या संगणकावर थेट चालण्याची आशा धरूं नये. वर्ड ९७, २००० किंवा २००३ हीं ३२ बिटांचीं असल्यामुळें त्यांचें कांहीं अडत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तीं चालतातही, मात्र त्यांची हमी कोणी देत नाहीं.

याहून विचित्र प्रकार असा कीं, १९९५ नंतरच्या कित्येक सॉफ्टवेअरांत मुख्य भाग ३२ बिटांचा, पण तें संगणकावर बसवून देणारा सेटअप मात्र १६ बिटांचा असे. म्हणजे पाहुणा घरांत राहण्यास सर्वथा योग्य. पण त्याला स्टेशनावरून आणणारा टांगाच बंद पडलेला! कांहीं सुप्रसिद्ध सेटअपांच्या जागीं विंडोज स्वतःचा पर्यायी सेटअप चालविते. बाकीच्यांसाठीं हा मार्ग खुंटतो. शिवाय २००१ सालच्या ऑफिस एक्सपीपासून बहुतेक प्रतींना कंपनीच्या दूरच्या यंत्राकडून एकदां मान्यता मिळवावी लागे. मान्यता देणारें तें टोक जागें असेल तरच त्या सीडीचा उपयोग. नुसती सीडी जपून ठेवणें पुरेसें नाहीं.

सॉफ्टवेअर बसलें पण चालतांना कुरकुर करूं लागलें, तर पहिला उपाय सोपा आहे. त्याच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडावें आणि कंपॅटिबिलिटी या पानावर विंडोजची एखादी जुनी आवृत्ति निवडावी. मग विंडोज त्या सॉफ्टवेअरशीं चक्क खोटें बोलते. "ही कोणती कार्यप्रणाली?" असें त्यानें विचारलें कीं, ती शांतपणें जुनें नांव सांगते. ही युक्ति जुनीच आहे. विंडोज ९५ चा खरा अनुक्रमांक ४.० होता, पण १६ बिटांच्या सॉफ्टवेअरला ती आपला अनुक्रमांक ३.९५ असा सांगे. कारण, त्या काळच्या कित्येक आज्ञावलीकारांनीं "३.१० किंवा त्याच्या पुढची आवृत्ति आहे काय?" ही तपासणी घाईनें लिहिली होती. टिंबापुढचा अंक दहाहून लहान दिसला कीं त्यांचें सॉफ्टवेअर अडून बसे, आणि ४.० मध्यें टिंबापुढें शून्य! खोट्यानें भलें झाल्याचीं उदाहरणें यंत्रांच्या जगांतही आहेत. मात्र सॉफ्टवेअरला नुसती शंका असेल तेव्हांच हा उपाय लागू पडतो. त्याला हवी असलेली वस्तुच नव्या घरांत नसेल तर गोड बोलून भागत नाहीं.

सर्वांत जास्त मनस्ताप देणारा प्रकार मात्र निराळाच आहे. त्यांत सॉफ्टवेअर सुरू होतें, काम करतें, कोणतीही तक्रार करीत नाहीं, आणि तरीही हिशेब नाहींसे होतात. एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयांतील प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. संगणक एकच, चिटणीस आपल्या नांवानें त्यांत प्रवेश करतात, खजिनदार आपल्या नांवानें. हिशेबाचें सॉफ्टवेअर पंचवीस वर्षांचें. चिटणिसांनीं एप्रिलपासून सर्व नोंदी केल्या. वार्षिक सभेच्या आदल्या संध्याकाळीं खजिनदार तेंच सॉफ्टवेअर उघडतात, तों एप्रिलनंतरचें एक अक्षरही त्यांत नाहीं. चिटणीस शपथेवर सांगतात कीं नोंदी केल्या. खजिनदार पडद्याकडे बोट दाखवितात. दोघेही खरें बोलत असतात.

याचें मूळ २००७ सालच्या जानेवारींत लोकांच्या हातीं आलेल्या विंडोज व्हिस्टामध्यें आहे. त्यापूर्वीं सॉफ्टवेअर जेथें बसविलेलें असे त्याच कप्प्यांत, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्यें, तें आपल्या वह्याही ठेवीत असे. व्हिस्टानें सुरक्षिततेसाठीं त्या कप्प्यांत लिहिण्यास साधारण वापरणाऱ्याला बंदी केली. ही बंदी कडक पाळली असती तर हजारों जुनीं सॉफ्टवेअरें तत्काळ बंद पडलीं असतीं. म्हणून एक तडजोड निघाली: जुनें सॉफ्टवेअर तेथें लिहूं लागलें कीं, विंडोज मूळ वहीची एक नक्कल गुपचुप त्या माणसाच्या खाजगी कप्प्यांत ठेवते आणि पुढचें सर्व लेखन त्या नकलेंत करविते. सॉफ्टवेअरला वाटतें, आपण मूळ वहींतच लिहीत आहोंत. या खाजगी कप्प्याचें नांव व्हर्च्युअलस्टोअर. तो अ‍ॅपडेटा या एरवीं न दिसणाऱ्या फोल्डरमध्यें, लोकल नांवाच्या कप्प्याच्या आंत असतो. चिटणिसांची वही चिटणिसांच्या कप्प्यांत, खजिनदारांची खजिनदारांच्या कप्प्यांत, आणि मूळ वही आहे तशीच कोरी. जुना संगणक टाकतांना कोणी प्रोग्रॅम फाइल्समधील वही तेवढी उतरून घेतली, तर खरी वही जुन्या यंत्राबरोबर भंगारांत जाते. यावर उपाय इतकाच कीं, टाकण्यापूर्वीं व्हर्च्युअलस्टोअर उघडून पाहावें. आणि नव्या संगणकावर असें सॉफ्टवेअर बसवितांना प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, सी ड्राइव्हवर सर्वांना लिहितां येईल असा स्वतंत्र फोल्डर करून त्यांत बसवावें.

किरकोळ अडचणी आणखी पुष्कळ आहेत. जुन्या सॉफ्टवेअरचीं साहाय्यपत्रकें वाचणारा भाग विंडोज १० मध्यें उरला नाहीं, त्यामुळें एफ१ ही कळ दाबून मदत मागणाऱ्यास बहुधा मौनच ऐकूं येतें. डॉसच्या काळचें सॉफ्टवेअर प्रिंटरच्या जाड तारेच्या तोंडाशीं थेट बोलत असे. तें तोंड आतांच्या संगणकाला नसतें.

जेथें सरळ मार्ग संपतो तेथें आभासी संगणक कामास येतो. नव्या संगणकाच्या पोटांत, निव्वळ सॉफ्टवेअरच्या साहाय्यानें, एक जुना संगणक उभा करावयाचा आणि त्यावर जुनी विंडोज व जुनें ऑफिस बसवावयाचें. कारकुनासाठीं नव्या इमारतींत त्याची जुनी खोली, जुन्या शिरस्तेदारासकट, पुन्हां बांधून देण्यासारखें हें आहे. व्हर्च्युअलबॉक्स हें असें एक साधन फुकट मिळतें. विंडोज ११ च्या प्रो आवृत्तींत हायपर-व्ही हें साधन मुळांतच असतें. घरगुती आवृत्तींत तें नसतें. आंत बसवावयाच्या जुन्या विंडोजची स्वतःची रीतसर प्रत मात्र जवळ असली पाहिजे. डॉसच्या सॉफ्टवेअरसाठीं एवढा खटाटोप लागत नाहीं. २००२ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेलें डॉसबॉक्स हें साधन सगळा जुना संगणकच सोंगानें उभा करतें. तें मूळचें खेळांसाठीं केलेलें. पण लेखकांनीं त्याचा उपयोग लेखणीसाठीं करून घेतला.

लेखकांची ही हौस चेष्टेवारी नेण्यासारखी नाहीं. अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनीं २०१४ सालीं दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतींत सांगितलें कीं, ते आपलें लेखन वर्डस्टार ४.० या डॉसवरील सॉफ्टवेअरमध्यें, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर करतात. सांगितलेलें तेवढेंच करणारें, न सांगतां अक्षरें न बदलणारें साधन त्यांना हवें होतें. वर्डस्टारचा जन्म १९७८ सालचा. डॉसवरील त्याची शेवटची आवृत्ति १९९२ सालची. कॅनडांतील विज्ञानकथालेखक रॉबर्ट जे. सॉयर यांनीं २०२४ सालच्या ऑगस्टमध्यें ती आवृत्ति, तिचीं मार्गदर्शक पुस्तकें आणि आजच्या संगणकावर ती चालविण्याचीं साधनें एकत्र करून लोकांना उपलब्ध करून दिलीं. ज्याच्या बोटांना वीस-तीस वर्षें एका मांडणीचा सराव आहे, त्याला २००७ सालीं ऑफिसमध्यें आलेली रिबन नांवाची चित्रांची पट्टी नकोशी वाटली, तर त्याला हटवादी ठरविण्याचें कारण नाहीं. सतारियाला पडदे हलविलेली सतार देऊन वाजव म्हणण्यासारखेंच तें आहे.

परंतु या प्रेमाला एक कुंपण घालावें लागतें. ऑफिसमध्यें गणिताचीं समीकरणें लिहिण्याचा एक लहानसा भाग होता. त्याची घडण २००० सालची. तो वर्षानुवर्षें तसाच पुढच्या आवृत्त्यांतून येत राहिला. २०१७ सालच्या नोव्हेंबरांत त्यांतील एक खिंडार उघडकीस आलें: विशिष्ट रीतीनें रचलेला कागद नुसता उघडला तरी परक्याला संगणकांत शिरतां येई. मायक्रोसॉफ्टनें प्रथम ठिगळ लावलें, आणि २०१८ सालच्या जानेवारींत तो भागच काढून टाकला. ऑफिस २००३ ची डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजींच संपली होती. त्याच्या भिंतींत असें खिंडार सांपडलें तर बुजविणारा गवंडी नाहीं. म्हणून टपालानें आलेला परका कागद जुन्या ऑफिसनें कधींही उघडूं नये, आणि आभासी संगणकाचें इंटरनेट तोडून ठेवावें. स्वतः लिहिण्यापुरतें व स्वतःचे जुने कागद पाहण्यापुरतें तें खुशाल वापरावें.

येथवर आल्यावर एक प्रश्न विचारणें योग्य होईल. काकांना जुनें वर्ड हवें आहे, कीं वर्डमधील आपले कागद? बहुधा कागद. मग सीडीसाठीं एवढी यातायात करण्याचें कारण उरत नाहीं. डॉक या जुन्या घडणीच्या फाइली आजचें वर्ड उघडतें. फुकट मिळणारें लिबरऑफिसही उघडतें, आणि तें वर्डपरफेक्ट व मायक्रोसॉफ्ट वर्क्स यांच्याही फाइली वाचतें. फाइल उघडली कीं तिची नवीन घडणींत एक प्रत आणि पीडीएफ म्हणून दुसरी प्रत ठेवली म्हणजे काम झालें.

इंग्रजी कागदांचें हें एवढ्यावर भागतें. मराठी कागद उघडला म्हणजे मात्र छाती दडपते. सबंध पानावर रोमन अक्षरें, स्वल्पविराम, टिंबें, चलनांचीं चिन्हें यांचा बुजबुजाट! काकांनीं १९९८ सालीं सहा महिने खपून टंकलिखित केलेला घराण्याचा कुलवृत्तांत, आणि त्यांत मराठीचें नांव नाहीं. फाइल सडली असें समजून ती पुसून टाकणारे लोक आहेत.

ती सडलेली नसते. त्या काळीं घरच्या संगणकाला देवनागरी ठाऊकच नव्हती. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचें आयएसएम, तसेंच श्रीलिपी, आकृति अशीं साधनें महाराष्ट्रांत घरोघरीं, छापखान्यांत व कचेऱ्यांत वापरांत होतीं. या पद्धतीच्या फॉन्टांनीं युक्ति अशी योजली होती कीं, रोमन अक्षरांचे व चिन्हांचे जे कप्पे संगणकांत होते, त्यांतच देवनागरीचीं चित्रें भरून ठेविलीं. फाइलमध्यें साठविलें गेलें तें रोमन चिन्ह. डोळ्यांना मराठी दिसे ती फॉन्टच्या कृपेनें. कोणत्या कप्प्यांत कोणतें अक्षर, हें प्रत्येक कर्त्यानें आपापल्या मतीनें ठरविलेलें. म्हणून जुन्या संगणकांतून नव्याकडे फाइली नेणाऱ्यानें फॉन्टही नेले पाहिजेत. तो जुना फॉन्ट नव्या संगणकावर बसविला कीं कुलवृत्तांत पुन्हां मराठींत उभा राहतो. अशा लिपिसाधनांपैकीं कांहींबरोबर डोंगल नांवाचा खुंटा मिळे. तो प्रिंटरच्या जाड तोंडांत बसविल्याशिवाय तें साधन चालत नसे, आणि तें तोंड आतां नाहीं. सुदैवानें लिहिण्यास खुंटा लागे. लिहिलेलें वाचण्यास बहुधा फॉन्ट पुरतो.

पण फॉन्टनें दिसणारी ही मराठी चित्रापुरतीच. त्या फाइलमध्यें एखादें आडनांव शोधूं गेलें तर सांपडत नाहीं. तीच मुलीला फोनवर धाडली तर तिला पुन्हां बुजबुजाट दिसतो. खरी देवनागरी म्हणजे युनिकोडची. १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीला स्वतःचे कप्पे मिळाले होते. विंडोज २००० पासून मंगल फॉन्टच्या रूपानें ते घरगुती संगणकावर आले. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्यें उतरविणारे रूपांतरक मिळतात. त्यांना फॉन्टचें नेमकें नांव मात्र सांगावें लागतें. म्हणून जुना संगणक चालू आहे तोंवर त्यावर फाइल उघडून तें नांव टिपून घ्यावें, आणि त्याच बैठकींत तिची पीडीएफ किंवा कागदावर एक प्रत काढून ठेवावी. त्या प्रतीवाचून पुढचें काम होत नाहीं.

कारण, रूपांतर कधींच निर्दोष उतरत नाहीं. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व इकार डोळ्यांना दिसतो तसा अक्षराच्या आधीं साठविलेला असतो. युनिकोडमध्यें तो अक्षराच्या नंतर येतो. 'स्थिति' या शब्दांतील पहिला इकार उचलून संपूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावा लागतो, आणि येथें यंत्र चुकतें. रफाराचें उलट: जुन्या फॉन्टांत तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्यें आधीं. 'कार्य' साधतें, पण 'मूर्ति', 'कीर्ति' अशा शब्दांत रफार आणि वेलांटी एकमेकांच्या पायांत येतात. कथेंत अशी चूक वाचकाला संदर्भानें कळते. कुलवृत्तांतांत ती पणजीच्या माहेरच्या नांवांत होते, कोंकणांतील एखाद्या वाडीच्या नांवांत होते, आणि यंत्राला किंवा नातवाला ती चूक म्हणून दिसतच नाहीं. म्हणून ही तपासणी दोघांनीं बसून करावयाची असते: नातवानें पडद्यावरचें मोठ्यानें वाचावें आणि काकांनीं हातांत जुनी छापील प्रत घेऊन एकेक नांव ऐकावें. दिवसाला दहा पानें झालीं तरी पुष्कळ.